जाळलेल्या वह्या, लपवलेल्या वह्या

आपल्या समीक्षेला बोलणाऱ्याचे कौतुक करण्याची सवय जडली आहे. १९७८ साली 'बलुतं' आले आणि दलित आत्मकथनांनी मराठी वाङ्मयाची कोंडी फोडली, हे आपण अभिमानाने सांगतो. सांगायलाही हवे. पण ज्या घरांतून ही आत्मकथने आली, त्याच घरांत जे बोलले गेले नाही, त्याची चिकित्सा आपण कितीशी केली? न बोलणाऱ्यांना 'जाणीव नसलेले' ठरवून आपण मोकळे झालो. ही वाटणी सोयीची आहे, म्हणूनच ती तपासली पाहिजे.

या तपासणीला आर्ट स्पिगेलमन यांचे 'माउस' हे चित्ररूप आत्मकथन उपयोगी पडते. त्याचा पहिला भाग १९८६ साली आला. आईबाप पोलंडचे ज्यू, ऑशविट्झच्या छळछावणीतून वाचलेले, युद्धानंतर निर्वासित म्हणून आधी स्वीडनला व मग अमेरिकेत गेलेले. मुलाचा जन्म १९४८चा. घरावर त्या काळाची सावली आहे, पण सलग हकिकत मुलाला ठाऊक नाही. १९६८ साली आई आत्महत्या करते. पुढे मुलगा टेपरेकॉर्डर घेऊन बापापुढे बसतो आणि बाप बोलू लागतो. पहिल्या भागाच्या शेवटी कळते की आईनेही आपली कहाणी वह्यांत लिहिली होती, मुलाने ती वाचावी अशी तिची इच्छा होती. आणि तिच्या मरणानंतर बापाने त्या वह्या जाळल्या. छळातून वाचलेला माणूसच आपल्या बायकोची साक्ष नष्ट करतो! मुलगा त्याला खुनी ठरवतो. बाप पीडित आहे म्हणून त्याला सूट मिळत नाही, हे या कलाकृतीचे मोठेपण.

त्याच वर्षी बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' पुस्तकरूपाने आले. फलटणला छोटे दुकान चालवताना बेबीताईंनी ते लिहिले आणि सुमारे वीस वर्षे नवऱ्यापासून, मुलापासूनही लपवून ठेवले. तिकडे वह्या जळाल्या, इकडे वाचल्या. कारण त्या दडवल्या होत्या. पुस्तकात महारवाड्याची भूक आहे, सुनांचा छळ आहे, बाबासाहेबांच्या चळवळीने उभी राहिलेली माणसे आहेत. नवऱ्याकडून स्वतःला झालेल्या मारहाणीबद्दल मात्र बेबीताई स्पष्ट बोलल्या त्या २००८च्या इंग्रजी अनुवादासोबत छापलेल्या, माया पंडित यांनी घेतलेल्या मुलाखतीत. म्हणजे जातीविषयीचे मौन फोडणाऱ्या पुस्तकातही घराविषयीचे मौन शिल्लक राहिले. समाजाचे दुःख आधी, ही त्यांची भूमिका आदराने समजून घ्यावी. पण 'आमुचं' या शब्दात आईचा 'मी' बुडाला, हेही समीक्षेने नोंदवावे.

बापाला बोलते करणारा मुलगा आपल्याकडेही आहे. नरेंद्र जाधव यांच्या आग्रहावरून त्यांच्या वडिलांनी, दामोदर जाधवांनी, आपल्या आठवणी लिहिल्या. त्यांतून १९९३ साली 'आमचा बाप आन् आम्ही' उभे राहिले. पुस्तक थोर आहे. पण त्याच्या नावातच बाप आहे, आई नाही.

कोणी म्हणेल, ज्यूंचा संहार वेगळा आणि आपला प्रश्न वेगळा. खरेच आहे. युद्ध १९४५ साली संपले, न्यूरेंबर्गला गुन्हेगारांवर खटले चालले. त्या आईबापांच्या मौनामागे होऊन गेलेला काळ होता. आपल्या आईबापांच्या मौनामागे चालू काळ आहे. पोराला वर्गात वेगळे पाडू नये, भाड्याची खोली नाकारली जाऊ नये, म्हणून ते आडनाव आणि गाव दडवतात. ही अजाणता नव्हे, हा हिशेब आहे. परंतु बाहेरच्या शत्रूसाठी घातलेली कडी घरातल्या बाईलाही कोंडते, हे 'माउस' आपल्याला दाखवून देते.

भिवंडीत मी शिकवतो. मे १९८४च्या दंगलीत घरात काय घडले हे आजीआजोबांना विचारून लिहा, असे मुलांना सांगितले. आजोबांच्या हकिकती बऱ्याच आल्या. आजीच्या नावापुढे बहुतेकांनी लिहिले : 'ती काही सांगत नाही.' तिला एकटीला कोणी विचारले होते, असे विचारल्यावर वर्ग गप्प झाला.

वेठबिगार केलेली, येसकरकी भोगलेली, १९५६ साली नागपूरला दीक्षा घेतलेली शेवटची पिढी आता डोळ्यांदेखत जात आहे. तिची साक्ष नोंदवताना आईला बापापासून वेगळे बसवून विचारा. आणि घरातल्या पुरुषाने तिची वही जाळली असेल, तर तेही तितक्याच निर्भयपणे लिहा. प्रस्थापितांना जाब विचारणाऱ्या साहित्याला एवढी हिंमत नसेल, तर त्याचा विद्रोह अर्धाच म्हणावा लागेल.