संगणकातील रस्ता आणि बोर्डीचा रस्ता : एका अभ्यासपद्धतीची चिकित्सा

रस्त्यावरील वाहतूक हा प्रयोगशाळेत मांडता येण्याजोगा विषय नव्हे. एखादा रस्ता एकेरी केल्याने अथवा एखादा चौक बंद केल्याने काय घडते हे प्रत्यक्ष करून पाहावयाचे, तर त्या प्रयोगाची किंमत हजारो लोकांना मोजावी लागते. म्हणून संगणकात रस्त्याची प्रतिकृती उभारून, तीवर कल्पित वाहने सोडून, निरनिराळ्या योजनांची परीक्षा घेण्याची पद्धती रूढ झाली. व्यवहारात तिला सिम्युलेशन म्हणतात. येथे तिच्यासाठी प्रतिरूपण हा शब्द योजला आहे. तिच्या उपयुक्ततेविषयी आता वाद उरलेला नाही. वाद आहे तो तिच्या निर्णयाच्या अधिकाराविषयी. संगणक देतो तो निष्कर्ष रस्त्याचा असतो, की रस्त्याविषयीच्या गृहीतांचा, हा प्रश्न भारतीय रस्त्यांच्या बाबतीत टाळता येण्याजोगा नाही.

या प्रश्नाची कसोटी म्हणून डहाणू तालुक्यातील बोर्डीचा रस्ता घेता येईल. डहाणूहून नरपड, चिखले, घोलवड ही गावे घेत तो किनाऱ्याच्या बाजूने बोर्डीस येतो आणि झाईवरून गुजरातच्या हद्दीकडे जातो. लोहमार्ग आणि तलासरीवरून जाणारा मुंबई-अहमदाबाद महामार्ग ही दोन्ही पूर्वेस राहतात. या रस्त्यावर एस.टी. असते, माणसांनी भरलेल्या रिक्षा असतात, चिकू वाहून नेणारे टेम्पो असतात, सायकलीवरील विद्यार्थी असतात आणि पायी चालणारे तर असतातच. सुटीच्या दिवशी त्यांत पर्यटकांच्या मोटारींची भर पडते.

प्रतिरूपणाच्या इतिहासात 1992 साली नागेल आणि श्रेकेनबर्ग यांनी मांडलेल्या प्रतिरूपाचे स्थान मोठे आहे. त्यात रस्ता 7.5 मीटर लांबीच्या घरांत विभागलेला असतो व एका घरात एकच मोटार राहू शकते. प्रत्येक मोटारीने दर सेकंदास शक्य तर वेग एकाने वाढवावा, पुढील अंतर पाहून तो आवरावा, क्वचित कारणावाचून एकाने घटवावा आणि मग पुढे सरकावे, एवढेच चार नियम. इतक्या अल्प सामग्रीतून अपघात किंवा अडथळा नसतानाही कोंडी कशी उत्पन्न होते हे या प्रतिरूपाने दाखविले. 2008 साली जपानमधील संशोधकांनी 230 मीटर परिघाच्या वर्तुळाकार मार्गावर 22 मोटारी चालवून अशी कोंडी प्रत्यक्षही घडून येते हे सिद्ध केले. सिद्धान्ताच्या दृष्टीने हे यश निःसंशय आहे.

परंतु हेच 7.5 मीटरचे घर बोर्डीच्या रस्त्यावर आखून पाहावे. त्यात एका क्षणी दोन सायकली, एक स्कूटर आणि डोक्यावर मासळीची टोपली घेतलेली स्त्री ही सर्व शेजारी-शेजारी मावतील. एका घरात एक वाहन हा नियम तेथे नुसता ढिला पडत नाही, तो निरर्थक होतो. पाश्चात्त्य प्रतिरूपांच्या मुळाशी मार्गिकांची शिस्त असते. येथे मार्गिका हीच मुळी कल्पना आहे.

भारतीय संशोधकांनी ही उणीव ओळखली नाही असे नव्हे. अरसन आणि कोशी यांनी 2005 साली मांडलेल्या पद्धतीत मार्गिका गृहीत न धरता संपूर्ण रस्ता हेच एक पृष्ठ मानून त्यावर निरनिराळ्या आकारांची वाहने मांडली. मुंबईच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत सुमो या मुक्त जर्मन प्रणालीच्या आधारे सिमट्राम ही प्रणाली तयार झाली. तीत रस्त्याचे अरुंद पट्टे पाडून मिश्र वाहतुकीस वाव दिला आहे. या प्रयत्नांनी वाहनांच्या विविधतेचा प्रश्न बराच सुटला. मात्र काय मोजावयाचे हा त्याहून मूलगामी प्रश्न शिल्लक राहिला.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या 1990 सालच्या शहरी रस्त्यांविषयीच्या मार्गदर्शिकेत प्रत्येक वाहनाचे मोटारीशी प्रमाण दिलेले आहे. मोटार 1, सायकल 0.4 आणि बस अथवा ट्रक 2.2, वाहतुकीतील वाटा वाढला की सायकल 0.5 आणि बस 3.7 होते. एकाच वाहनाचे मूल्य परिस्थितीनुसार बदलते ही कबुली या कोष्टकात आहे, आणि ती प्रामाणिक आहे. मात्र पायी चालणाऱ्या माणसाला त्यात स्थानच नाही. जे मोजले जात नाही ते संगणकाच्या लेखी अस्तित्वात नसते.

याचा परिणाम निर्णयावर कसा होतो हे एका कल्पित हिशेबाने स्पष्ट होईल. एखाद्या योजनेने दहा मोटारींचे प्रत्येकी 20 सेकंद वाचतात आणि एका बसचे 30 सेकंद वाया जातात असे मानावे. वाहनांच्या हिशेबाने 200 सेकंदांचा लाभ व 30 सेकंदांची हानी, योजना उत्तम. आता मोटारीत दोन आणि बसमध्ये चाळीस माणसे धरली, तर लाभ 400 सेकंदांचा व हानी 1200 सेकंदांची. आकडे तेच, यंत्र तेच. एकक बदलताच निवाडा उलटला. हे एकक संगणक निवडीत नाही, माणूस निवडतो, आणि बहुधा न सांगता निवडतो.

प्रतिरूपाच्या जुळणीविषयीही असाच सावधपणा हवा. मंगळवारच्या नोंदींवर बेतलेले प्रतिरूप रविवारी खरे ठरेल याची हमी नाही. ज्या नोंदींवरून घटक ठरविले त्याच नोंदींशी निष्कर्ष जुळला म्हणून प्रतिरूप सिद्ध होत नाही. त्यासाठी वेगळ्या दिवसाच्या नोंदी लागतात. शिवाय यदृच्छेवर चालणाऱ्या प्रतिरूपाची एकच फेरी हा पुरावा नव्हे, अनेक फेऱ्यांचा विस्तार पाहावा लागतो. आणि वाहनांची संख्या स्थिर धरणाऱ्या प्रतिरूपास, रुंद केलेला रस्ता नवी वाहने ओढून आणतो हे दिसतच नाही.

डहाणू तालुक्यात या त्रुटी केवळ शास्त्रीय राहत नाहीत. 20 जून 1991 च्या केंद्रीय अधिसूचनेने हा तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरविला. दुसरीकडे, याच तालुक्यातील वाढवण बंदराची पायाभरणी 30 ऑगस्ट 2024 रोजी झाली; अवजड वाहतुकीचा प्रश्न त्यामुळे अटळ झाला आहे. अशा ठिकाणी रुंदीकरणाचा आकडा संगणकातून आला एवढ्यावरून सुरूची झाडे आणि वाडीचा बांध यांचा निकाल लावता येणार नाही.

तात्पर्य, प्रतिरूपणाचा त्याग करावा असे नव्हे. वाहने उभी करण्याची जागा बदलणे, बसथांबा सरकविणे, सुटीच्या दिवसापुरता मार्ग एकेरी करणे अशा अल्पखर्चाच्या योजना कुऱ्हाड उचलण्यापूर्वी पारखून घेण्यास त्याच्यासारखे साधन नाही. मात्र कोणास मोजले आणि कोणास वगळले हे प्रत्येक अहवालाच्या पहिल्याच पानावर लिहिले गेले पाहिजे. शाळेतून चालत घरी जाणारे मूल ज्या प्रतिरूपात दिसत नाही, ते प्रतिरूप गणिताने कितीही निर्दोष असले तरी बोर्डीच्या रस्त्याचे प्रतिरूप नव्हे.