मजकुराच्या अक्षरांची आबाळ

डहाणू-तलासरीच्या आदिवासी भागावर निघणाऱ्या अहवालांचा साचा आता ठरून गेला आहे. मुखपृष्ठावर वारली चित्रांतला तारप्याभोवतीचा फेर, त्रिकोणी धडांची माणसे आणि त्याच माणसांचे हातपाय वाकवून केलेली शीर्षकाची अक्षरे. पान उलटले की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकलेले, जोडाक्षरे तुटलेली, आणि महत्त्वाचे म्हणून जे जे वाटले ते ठळक करून वर अधोरेखित केलेले, म्हणजे नेमक्या त्याच शब्दांचे उकार कापलेले. देवनागरी अक्षरकलेत आज शीर्षकाची चैन आहे आणि मजकुराची आबाळ. कमल शेडगे यांनी नाटकांच्या शीर्षकांना जी प्रतिष्ठा मिळवून दिली, तिच्यावर पुढच्यांची बरीच गुजराण चालली आहे. सुलेखनाच्या कार्यशाळांतून देखणे फलक निघतात. त्याने एकही परिच्छेद सुधारत नाही. वारली चित्रकलेकडून काही घ्यायचेच असेल तर आकृत्या कशाला? जिव्या सोमा म्हसे यांचे चित्र दोन रेषांमधल्या मोकळ्या जागेवर उभे राहते. ती जागा मजकुराला द्यावी.

मजकुराचे अक्षर घडवण्याची आपली परंपरा शीर्षकांच्या परंपरेहून जुनी आणि कितीतरी श्रीमंत आहे. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने एकोणिसाव्या शतकात संस्कृत ग्रंथांसाठी जे टाइप ओतले, त्यांच्यामुळे पानावर विश्वास बसत असे. १९७१ साली ‘टायपोग्राफी ऑफ देवनागरी’ हा तीन खंडांचा ग्रंथ लिहिणारे बापूराव नाईक राज्याच्या शासकीय मुद्रण खात्याचेच संचालक होते. र. कृ. जोशी यांचा ‘मंगल’ टंक संगणकाच्या पडद्यासाठी घडला. तो छापील आदेशासाठी वापरला जातो यात त्यांचा दोष नाही. आणि आता ‘एक टाइप’चा ‘मुक्ता’ किंवा राज्य मराठी विकास संस्थेचा ‘यशोमुद्रा’ फुकट मिळतो. तेव्हा पैशाची सबब उरलेली नाही. मराठी ‘ल’ आणि ‘श’ कसे असावेत हे शासनाने २००९ मध्ये निर्णय काढून ठरवले. ओळींमध्ये किती अंतर असावे याची फिकीर मात्र कोणाला नाही.

सरकारी कागदांच्या अक्षराचा विषय काढला की ‘कायदा मजकुरात असतो, अक्षरात नव्हे’ हा आक्षेप ठरलेला. वनहक्काचा दावा नामंजूर झाल्याचे पत्र घ्या. उपविभागीय समितीच्या निर्णयाविरुद्ध जिल्हा समितीकडे जायला साठ दिवस मिळतात. तो आकडा कलमे, नियम आणि संदर्भ क्रमांकांच्या दाट परिच्छेदात सातव्या ओळीत बसवला, तर कायद्याने दिलेली मुदत कागदाने काढून घेतली असेच म्हणावे लागेल. दुसरा आक्षेप असा की पाड्यावर बोली वारली, वाचणारे थोडे. म्हणूनच तर अक्षर अधिक जपायला हवे! जिथे एकजण वाचतो आणि बाकीचे ऐकतात, तिथे त्या एकाची नजर जोडाक्षरावर अडखळली की सगळी ग्रामसभा अडखळते. चांगले अक्षर लबाड कागदालाही खपवते, हे खरेच आहे. प्रकल्प उभारणाऱ्याकडे सजावटकार ठेवायला पैसा असतो, दावेदाराकडे नसतो; ही तफावत भरून काढणे हे शासनाचेच काम. १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरलेल्या डहाणूत वाढवण बंदरासारख्या प्रकल्पाची जनसुनावणी होते तेव्हा नियमाने स्थानिक भाषेत सक्तीचा असतो तो पर्यावरणीय परिणामांच्या अहवालाचा फक्त सारांश. गावाची सारी हरकत त्या थोड्या पानांवर उभी राहणार असेल, तर ती पाने वाचता येतील अशी जुळवणे हा सुनावणीचाच भाग आहे. शासकीय मुद्रणालयाने दाव्याचे नमुने, नामंजुरीची पत्रे आणि असे सारांश यांची मांडणी एकदा नीट ठरवून सक्तीची करावी: मोकळ्या ओळी, एकच टंक, मुदत वेगळ्या ओळीत. आणि ज्या पत्रात अपिलाची मुदत अशी वेगळी दिसत नाही, ते दावेदाराला बजावले गेले असे कोणत्याही समितीने धरू नये.