यशयाचा तापस

कसबा बावड्यात पंचगंगेकाठी टपून उभे बगळे पाहिले की आम्हांला यशयाच्या ग्रंथातील एक अनुवाद आठवतो. बाबिलोन पाणथळ होऊन ‘किप्पोद’ची वस्ती होईल, असे तेथे भाकीत आहे (१४:२३). संत जेरोमने लॅटिनमध्ये या हिब्रू शब्दाचा अर्थ काटेरी जाहक केला. १६११ च्या इंग्रजी अनुवादकांनी बगळ्याच्या कुळातील तापस. व्युत्पत्ती जेरोमच्या बाजूने आहे. पण डबक्यांत जाहक करणार काय? चाहूल लागताच चोच आकाशाकडे रोखून लव्हाळ्यात लव्हाळे होणारा तापसच तेथे शोभतो. या एका वचनापुरता आमचा कौल इंग्रजीला. सफन्या मात्र (२:१४) किप्पोदला खांबांच्या माथ्यावर बसवतो. तेथे दोघेही बिचारे अवघडतात.