‘तारे जमीं पर’ : कृपेची याचना की हक्काची मागणी?

‘तारे जमीं पर’ हा हिंदी बोलपट २१ डिसेंबर २००७ रोजी प्रदर्शित झाला. त्या वेळी त्यावर पुष्कळ लिहिले गेले आणि प्रेक्षकांनी डोळेही पुष्कळ पुसले. तो पूर ओसरून बराच काळ लोटला आहे. आता कोरड्या डोळ्यांनी त्याचे गुणदोष पाहण्यास हरकत नसावी. कथा-पटकथा अमोल गुप्ते यांची, दिग्दर्शन आमीर खान यांचे. वाचता न येणाऱ्या एका मुलाची बाजू शाळेपुढे मांडणारा शिक्षक हा या कथेचा नायक आहे. वकिली हा ज्याचा व्यवसाय, त्याचे लक्ष त्या बाजू मांडण्याकडेच अधिक जावे हे स्वाभाविक आहे.

ईशान अवस्थीपुढे अक्षरे नाचतात. शाळा त्यास आळशी ठरविते, बाप उद्धट ठरवितो, आणि अखेर त्याची रवानगी वसतिगृहाच्या शाळेत होते. तेथे चित्रकलेचे हंगामी शिक्षक म्हणून रामशंकर निकुंभ येतात. हे आडनाव ऐकताच आम्हां खानदेशाच्या सीमेवरील माणसांचे कान टवकारतात. चाळीसगावजवळ पाटण येथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला. त्यास शके ११२८ च्या सुमारास देणगी दिली ती निकुंभ राजांनी. लेखकाच्या मनात हे होते असे मी म्हणत नाही. पण नाव शोभून दिसते खरे.

चित्रपटातील सर्वांत बळकट प्रसंग निकुंभ अवस्थींच्या घरी जातात तो. मुलगा मुद्दाम वाचीत नाही असे बाप म्हणतो, तेव्हा निकुंभ परक्या लिपीतील मजकूर असलेले एक खोके त्याच्या हाती देऊन वाचावयास सांगतात. येत नाही म्हटल्यावर नीट लक्ष द्या म्हणून दरडावतात. प्रतिपक्षालाच साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करण्याची ही उलटतपासणी कोणाही वकिलाने हेवा करावा अशी आहे. पुढे तोच बाप शाळेत येतो, आपण मुलाची काळजी घेतो हे पटवू पाहतो, आणि जाता जाता सूचनाफलकापुढे अक्षर अक्षर जुळवीत उभा असलेला मुलगा त्याच्या दृष्टीस पडतो. तेथे दिग्दर्शकाने भाषण घातले नाही, हे त्याचे मोठे शहाणपण.

मुख्याध्यापकांपुढील प्रसंग मात्र मला उणा वाटतो. निकुंभ तोंडी परीक्षेची सवलत मागतात, शिकविण्याचा भार स्वतः उचलतात, आणि मुख्याध्यापक राजी होतात. सारे एका भल्या माणसाच्या चिकाटीवर आणि दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून! निकुंभ त्या सत्रात आलेच नसते तर? याहून मोठी उणीव शेवटी आहे. ईशान चित्रस्पर्धेत पहिला येतो. म्हणजे वाचता न येणे क्षम्य ठरावयास मुलाच्या अंगी अलौकिक काही असावे लागते, असा त्याचा अर्थ निघतो. ज्यास चित्र येत नाही, गाणे येत नाही, जो केवळ साधा मुलगा आहे, त्याची बाजू हा चित्रपट घेत नाही. आणि संख्येने तीच मुले अधिक असणार.

आणखी एक गोष्ट. चित्रपटातील दोषाचे विवेचन मुख्यतः रोमन अक्षरांवर बेतले आहे : ‘बी’ आणि ‘डी’ यांची उलटापालट. देवनागरीत मुलाचे पाऊल निराळ्या ठिकाणी अडते. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी काढावयाची आणि उच्चारावयाची मागाहून. ‘सूर्य’, ‘चक्र’, ‘राष्ट्र’ यांत एकच र तीन वेष घेतो. घ आणि ध, भ आणि म हे तर जुळे भाऊ. ‘कमळ’ सरळ वाचणारा मुलगा ‘लक्ष्मी’शी येऊन थांबतो. निंबोल्यासारख्या गावी याच्या जोडीला भाषेचाही पेच असतो. घरी मराठी, शाळेत हिंदी, लिपी एकच. मूल अडखळले की भाषा नवी आहे, येईल हळूहळू, असे म्हणून वर्षे जातात. घरी कोंकणी आणि शाळेत दुसरीच भाषा असलेल्या वाचकांस हे नवे वाटणार नाही. उलट देवळात तेच मूल हरिपाठ ऐकून ऐकून मुखोद्गत म्हणते, आणि वडीलधारी मंडळी कौतुकाने मान डोलवितात. पाठांतराच्या या देणगीमुळे वाचनाचा दोष झाकला जातो. पुस्तक उघडे धरून धडा तोंडपाठ म्हणणारा मुलगा वाचतोच आहे असे गुरुजींस वाटते. त्याला मधलीच एक ओळ वाचावयास सांगावी, म्हणजे उलगडा होतो.

चित्रपट निघाला तेव्हा १९९५ चा अपंगत्वविषयक कायदा लागू होता. त्यातील सात प्रकारांत वाचनदोषास स्थान नव्हते. निकुंभांनी आर्जव केले ते या दृष्टीने समजण्यासारखे आहे. आज ती स्थिती नाही. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने, जो १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला, एकवीस प्रकार मानले आणि त्यांत अध्ययनातील विशिष्ट अक्षमतेचा समावेश केला. कलम १६ प्रमाणे असा दोष शक्य तितक्या लवकर हेरून योग्य उपाय योजणे हे शाळेचे काम झाले. कलम १७ मध्ये परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट यांचा उल्लेख आहे. मात्र कलम १६ च्या आरंभी शासनाने ‘प्रयत्न करावा’ असा शब्द आहे, आणि अशा शब्दांच्या आडोशाला कचेऱ्या किती काळ निवांत बसू शकतात हे मी जवळून पाहिले आहे.

म्हणूनच आईबापांनी मुख्याध्यापकांस तोंडी विनवणी करून परत येऊ नये. अर्ज लेखी द्यावा, त्यावर तारीख घालावी, पोच घ्यावी. मूल कोठे अडते ते उदाहरणांनी लिहावे, ‘अभ्यासात कच्चा’ एवढ्यावर भागवू नये. कलमांचे आकडे घालावेत. आणि मुलाची तपासणी त्याच्या घरच्या भाषेतही व्हावी, अशी मागणी पहिल्याच परिच्छेदात करावी; नाही तर मराठी मुलाचे हिंदी कच्चे आहे एवढाच निष्कर्ष निघून प्रकरण दप्तरी दाखल होते.