शिरूर-दौंडचा कांदा : भूसुधारकांच्या दाव्यांची चिकित्सा

शिरूर व दौंड हे तालुके पुणे जिल्ह्याच्या अवर्षणप्रवण पूर्व भागात मोडतात. चासकमान व खडकवासला प्रकल्पांच्या कालव्यांमुळे येथील ओलिताचे क्षेत्र वाढले. तथापि निचरा नसलेल्या भारी जमिनींत त्याबरोबर क्षारही साचतात. अशा जमिनीत कांद्याची प्रत सुधारावी म्हणून जिप्सम व गंधकाची सरसकट शिफारस केली जाते. तिची चिकित्सा आवश्यक ठरते.

जिप्सममधील कॅल्शियम मातीच्या कणांवरील सोडियमची जागा घेते. परंतु सुटलेला सोडियम निचऱ्यावाटे बाहेर गेला तरच चोपण जमीन सुधारते. केवळ क्षारयुक्त जमिनीवर जिप्सम हा उपाय नव्हे. गंधकाची उणीव असल्यास त्याच्या वापराने कांद्याचा तिखटपणा वाढतो; उणीव नसल्यास लाभ अल्प. सबब, माती परीक्षणाविना केलेली शिफारस शास्त्रीय म्हणता येत नाही.

दुसरा दोष मोजमापाचा आहे. भूसुधारकाचे यश बहुधा काढणीच्या वजनावरून ठरते. नत्राच्या अतिरिक्त व उशिरा दिलेल्या मात्रेने कांद्याची मान जाड राहते आणि तो चाळीत सडतो; हा तोटा त्या वजनात दिसत नाही. भावाच्या प्रतीक्षेत रब्बी कांदा 4-5 महिने साठविणाऱ्या शेतकऱ्याचे उत्पन्न मात्र टिकवणक्षमतेवरच अवलंबून असते.

काढणीपूर्वी 10-15 दिवस पाणी तोडणे व कांदा पातीसह सुकविणे, हे उपाय जवळजवळ बिनखर्ची आहेत. शेजारच्या राजगुरुनगर येथे 1998 पासून कांदा-लसूण संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे. अशा स्थितीत गोणीवरील दाव्यापेक्षा माती, निचरा आणि चाळीतील घट यांची नोंद हाच गुणवत्तेचा विश्वसनीय निकष ठरतो.