शाळेचा अहवाल : एक दुर्लक्षित वाङ्मयप्रकार

आमच्या या त्रैमासिकात कवितासंग्रहांची, कथासंग्रहांची आणि आत्मचरित्रांची परीक्षणे नियमाने येतात. ती किती घरांत वाचली जातात, हा प्रश्न आम्ही स्वतःला क्वचितच विचारतो. परंतु एक छापील मजकूर असा आहे, की जो आपल्या धर्मग्रामांतील बहुतेक घरी पोहोचतो आणि मन लावून वाचला जातो. आई तो वाचते, वडील कामावरून आल्यावर वाचतात, आजीला तो वाचून दाखवला जातो, आणि त्यात घरच्या मुलाचे नाव असेल, तर तो पुढे कित्येक वर्षे कपाटात बाप्तिस्म्याच्या दाखल्याशेजारी जपून ठेवला जातो. हा मजकूर म्हणजे गावच्या कॅथलिक प्राथमिक शाळेचा वार्षिक अहवाल. ज्या मजकुराला इतके श्रद्धाळू वाचक लाभतात, त्याची चिकित्सा कोणी करू नये, हे आम्हांस योग्य वाटत नाही. म्हणून हा प्रपंच.

गेल्या काही वर्षांतले, वसई परिसरातील मराठी माध्यमाच्या निरनिराळ्या शाळांचे अहवाल आम्ही जमवून एका बैठकीत वाचले. कोणत्याही एका शाळेचे नाव येथे घेण्याचे कारण नाही. त्यांचे गुण सारखे आहेत आणि दोषही सारखेच आहेत. रचना तर ठरूनच गेलेली आहे. आरंभी मुख्याध्यापिका सिस्टरांचे किंवा व्यवस्थापक फादरांचे दोन शब्द, मग वर्षभराचा आढावा, मग गुणवंत विद्यार्थ्यांची नामावली, मग आगामी कार्यक्रम, आणि शेवटी जागा उरल्यास मुलांचे लेखन. ‘जागा उरल्यास’ हे शब्द आम्ही मुद्दाम वापरले आहेत. त्यांच्याकडे पुढे वळू.

प्रथम आगामी कार्यक्रमांविषयी. वरवर पाहता ही केवळ तारखांची जंत्री. परंतु लक्षपूर्वक वाचणाऱ्यास या अहवालातले सर्वांत समृद्ध पान हेच वाटावे. १५ ऑगस्ट पाहा. त्या दिवशी सकाळी मैदानावर तिरंगा फडकतो आणि त्याच दिवशी पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण असतो. एकाच गणवेशातले मूल झेंड्याला वंदन करते आणि मिस्सालाही बसते. ५ सप्टेंबर हा डॉ. राधाकृष्णन यांचा जन्मदिवस म्हणून शिक्षकदिन. १९९७ साली मदर तेरेसा यांनी देह ठेवला तोही हाच दिवस, आणि आता तो त्यांच्या सणाचा दिवस झाला आहे. ३ जानेवारीला सावित्रीबाई फुले यांची जयंती. फेब्रुवारीच्या आरंभी वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया यांचे स्मरण, आणि त्याच महिन्याच्या २७ तारखेस कुसुमाग्रजांच्या जन्मदिनानिमित्त मराठी भाषा गौरव दिन. आपण भारतीय आहोत, मराठी आहोत आणि ख्रिस्ती आहोत, हे सांगण्यासाठी आपले विचारवंत व्याख्याने देतात. शाळेची ही दिनदर्शिका ते एका पानात, काही न बोलता सांगून जाते.

दुःख एवढेच, की हे पान लिहिणाऱ्यास त्याचे मोल जाणवलेले दिसत नाही. ‘सदर दिन उत्साहात साजरा करण्यात येईल’ या एकाच वाक्यात सावित्रीबाईही बसतात आणि संत गोन्सालोही बसतात. ‘साजरा करण्यात येईल’ म्हणजे नेमके काय होईल? बहुधा भाषण, नृत्य आणि चित्रकला स्पर्धा होईल. संत गोन्सालोंच्या चरित्रात मुलांना सांगण्याजोगे केवढे द्रव्य आहे! वसईत जन्मलेला हा तरुण जपानला गेला. येशूसंघीयांच्या सोबत त्याने धर्मशिक्षकाचे काम केले, परंतु त्या संघात प्रवेश मिळावा ही त्याची इच्छा पुरी झाली नाही. पुढे त्याने व्यापार केला, मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून प्रवेश मिळवला आणि जपानी भाषा उत्तम येत असल्यामुळे दुभाषी म्हणून तो पुन्हा जपानला गेला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे त्याला क्रुसावर मृत्यू आला आणि १८६२ साली ख्रिस्तसभेने त्याला संतपद दिले. ज्याला एका दारातून आत घेतले नाही, ज्याची खरी गुणवत्ता परक्या माणसांची भाषा कान देऊन शिकण्यात होती, असा हा आपला संत. त्याच्या वेळी आजच्यासारखे अहवाल निघत असते, तर गुणवंतांच्या यादीत त्याचे नाव आले असते काय, हा प्रश्न आम्हांस राहून राहून पडतो.

आणि इथेच आपण त्या यादीपाशी येतो. प्रत्येक इयत्तेतील पहिले तीन क्रमांक, शिष्यवृत्ती परीक्षेतील यश, हस्ताक्षर, वक्तृत्व, बायबल प्रश्नमंजूषा, धावण्याची शर्यत, शंभर टक्के उपस्थिती. यात काही गैर आहे असे आम्ही म्हणणार नाही. कौतुकाने मूल फुलते. ज्या घरात पहिल्यांदाच कोणी शिकत आहे, त्या घराला छापलेले नाव म्हणजे काय असते, हे आम्ही जाणतो. शिवाय बक्षिसांची ही प्रथा आपल्या शिक्षणपरंपरेत जुनी आहे. येशूसंघाने १५९९ साली सिद्ध केलेल्या ‘रेशिओ स्टुडिओरम’ या अध्यापनसंहितेत पारितोषिकांचे स्वतंत्र नियम आहेत.

परंतु त्याच परंपरेचा दुसरा एक प्रवाह आहे आणि त्याची आठवण आपल्या अहवालांना राहिलेली नाही. संत जॉन बाप्टिस्ट द ला साल यांनी १६८० च्या सुमारास फ्रान्समधील रेम्स येथे गरिबांच्या मुलांसाठी शाळा उभारल्या आणि त्या चालविण्यासाठी बंधूंचा संघ स्थापिला. त्यांच्या शाळांचे नियम त्यांच्या पश्चात १७२० साली छापले गेले. त्यांत शिक्षकाने ठेवावयाच्या नोंदवह्यांचे प्रकरण आहे. तीत शिक्षकाने आपल्या वर्गातील एकेका मुलाविषयी लिहावयाचे : त्याचा स्वभाव कसा, त्याच्यात चांगले काय, उणे काय. पुढल्या वर्षी मूल ज्याच्या हाती जाईल त्या शिक्षकाला ती नोंद उपयोगी पडावी, हा हेतू. ‘रेशिओ’तील पारितोषिक निवडक मुलांना मिळते, या वहीत मात्र प्रत्येक मूल येते. पोप बारावे पायस यांनी १९५० साली ज्यांना शिक्षकांचे आश्रयदाते म्हणून घोषित केले, त्या संताची ही वही आहे. आपल्या अहवालात पहिली वही दिसते, दुसरी दिसत नाही.

या यादीच्या शिरोभागी अनेकदा थैल्यांच्या दृष्टान्ताचा उल्लेख असतो. प्रभूने दिलेल्या देणग्या वाढविणारी ही मुले, असे म्हटलेले असते. संत मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायातला हा दृष्टान्त पुन्हा एकदा सावकाश वाचावा, अशी आमची अहवालकर्त्यांना विनंती आहे. पाच थैल्यांच्या दहा करणाऱ्या सेवकाला धनी शाबासकी देतो. दोन थैल्यांच्या चार करणाऱ्यालाही देतो. आणि दोघांना दिलेली शाबासकी शब्दशः एकच आहे. एका अक्षराचाही भेद नाही. दहा आणि चार यांत क्रमांक लावण्याची धन्याला गरज भासली नाही. आपण मात्र दहावाल्याचे छायाचित्र छापतो आणि चारवाल्याला ‘प्रयत्न चालू ठेव’ असे प्रगतिपुस्तकात लिहून देतो. मग ज्या दृष्टान्ताचा आधार घेतला, तोच आपल्याविरुद्ध साक्ष देतो. तिसऱ्या सेवकाने थैली पुरली ती भीतीपोटी, हेही तेथेच लिहिले आहे. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला ही भीती कोठून मिळते, याचा शोध घेताना आपल्याला या यादीकडेही पाहावे लागेल.

आता शेवटच्या पानाकडे, म्हणजे मुलांच्या लेखनाकडे. साहित्याच्या त्रैमासिकाला खरा रस येथे असावयास हवा. एका शिक्षिकेने आम्हांला चौथीतल्या एका मुलाची निबंधाची वही दाखवली. विषय होता ‘पाणी’. मुलाने अवघी चार वाक्ये लिहिली होती. आमच्या बागेत विहीर आहे. आता मोटर आहे म्हणून रहाट बंद आहे. आजोबा तरी रोज सकाळी विहिरीपाशी जातात आणि आत बघून परत येतात. मी विचारले तर म्हणाले, ती आहे का बघतो. रहाटाच्या एका भागासाठी मुलाने घरच्या बोलीतला शब्द वापरला होता, आणि त्याभोवती लाल शाईचे वर्तुळ होते.

हाच निबंध पुढे अहवालात छापून आला. जुन्या पोथ्यांचे पाठभेद तपासतात, तसे आम्ही दोन्ही पाठ शेजारी ठेवून पाहिले. छापील पाठात बोलीतला शब्द गेला होता. आजोबांचे उत्तरही गेले होते. बहुधा ते विषयाला धरून नाही असे वाटले असावे. त्या जागी ‘पाणी हे जीवन आहे, पाण्याचा प्रत्येक थेंब वाचवणे ही काळाची गरज आहे’ असा शेवट आला होता. मुलाने लिहिले होते ते साहित्य होते. छापले गेले ते घोषवाक्य. हे दुष्टपणाने झाले नाही, प्रेमाने झाले. मुलाचे लेखन ‘चांगले दिसावे’ म्हणून झाले. म्हणूनच त्याविषयी बोलणे अवघड आहे आणि आवश्यकही आहे. हे मूल गुणवंतांच्या यादीत कोठेही नव्हते, हे वेगळे सांगावयास नको.

येथे काहीजण म्हणतील, की शाळेने प्रमाण मराठी शिकवू नये काय? अवश्य शिकवावी. सामवेदी बोलणाऱ्या, वाडवळी बोलणाऱ्या मुलाला प्रमाण भाषेचे दार उघडून देणे हे शाळेचे कामच आहे. परंतु नवे दार उघडताना घरचे दार बंद करावे लागत नाही. ला साल यांच्या काळी लॅटिनपासून वाचनाचा आरंभ करण्याची रीत होती. त्यांनी मुलांच्या ओळखीच्या फ्रेंचपासून आरंभ केला. आपल्याकडे फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली छापून निघालेले ‘ख्रिस्तपुराण’ मराठीत रचले, ते इथल्या भाविकांना समजावे म्हणून. एका इंग्रज धर्मगुरूला लोकांच्या भाषेची जी मातब्बरी वाटली, ती त्या लोकांच्या वंशजांना वाटू नये, हे बरे नव्हे.

या प्रश्नाला आज निकड आहे. आपल्या कुटुंबांचा ओढा इंग्रजी माध्यमाकडे आहे आणि मराठी माध्यमाचे वर्ग ओसरत आहेत, हे आपण सारे पाहत आहोत. पालकांना दोष देऊन काही साधणार नाही. मुलाच्या पोटापाण्याची काळजी त्यांना आहे. पण मराठी शाळेजवळ देण्यासारखे असे काय आहे, जे दुसरीकडे मिळणार नाही? क्रमांक आणि पदके सर्वत्र मिळतात. आजोबा विहिरीत काय बघतात, हे ज्या भाषेत मुलाला सांगता येते, ती भाषा आणि ते ऐकून घेणारे शिक्षक फक्त तेथे मिळतात. अहवालातून हेच गाळले, तर पालकांनी ती शाळा का निवडावी, याचे उत्तर आपणच खोडून टाकतो.

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणावरील घोषणापत्र प्रसृत केले. त्यात पालक हे मुलांचे पहिले शिक्षक होत, असे म्हटले आहे. आणि जे गरीब आहेत, ज्यांना कुटुंबाची माया लाभलेली नाही, जे आपल्या श्रद्धेचे नाहीत, त्यांची विशेष काळजी कॅथलिक शाळांनी घ्यावी, अशी अपेक्षा व्यक्त केली आहे. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने मुलांचे मूल्यमापन भयमुक्त असावे असे सांगितले. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याकांच्या शाळांना त्या कायद्यातून वगळले. कायद्याचे बंधन जेथे सैल होते, तेथे विवेकाचे बंधन अधिक घट्ट व्हावयास हवे.

केवळ दोष दाखवून थांबणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. तीन लहानशा सूचना कराव्याशा वाटतात. गुणवंतांची यादी राहू द्यावी. तिच्या पुढच्या पानावर शाळेतील प्रत्येक मुलाचे नाव आणि त्याच्या शिक्षकाने त्याच्याविषयी लिहिलेले एक खरे वाक्य छापावे. प्राथमिक शाळेत हे अशक्य नाही. आगामी कार्यक्रमांत तारखेपुढे दोन ओळी असाव्यात, तो दिवस का पाळावयाचा हे सांगणाऱ्या. आणि मुलांचे लेखन अहवालाच्या आरंभी घ्यावे, दुरुस्ती न करता.

आता आमच्याविषयी. या त्रैमासिकाच्या मागील पृष्ठांवर ‘अभिनंदन’ या मथळ्याखाली आम्हीही याद्याच छापीत आलो आहोत. किती टक्के, कोणता क्रमांक, कोणाचा सुपुत्र. त्यापलीकडे आम्ही गेलो नाही. शाळांना केलेला उपदेश प्रथम आम्हांलाच लागू आहे. म्हणून पुढील अंकापासून आम्ही त्या सदराशेजारी एक पान मोकळे ठेवीत आहोत. प्राथमिक शाळेतील मुलांनी स्वतः लिहिलेल्या चार ओळी शिक्षकांनी व पालकांनी आमच्याकडे पाठवाव्यात. बोलीतला शब्द असेल, तर तसाच ठेवावा. क्रमांक कळविण्याची आवश्यकता नाही. आणि तो विहिरीचा निबंध, मुलाची आणि त्याच्या आईवडिलांची परवानगी मिळाल्यास, आम्ही मूळ वहीत होता तसा, आजोबांच्या उत्तरासह, सर्वांत आधी छापू.