ओवलेल्या मण्यांची मालकी

हाताने ओवलेल्या किंवा विणलेल्या मण्यांच्या दागिन्यात नवनिर्मिती नेमकी कोठे असते, हे ठरवल्याखेरीज तिच्या मालकीविषयी बोलता येत नाही. मणी बहुधा दुसऱ्याने घडवलेले असतात, दोरा बाजारातून आणलेला असतो आणि टाके पिढ्यान् पिढ्या चालत आलेले असतात. कारागिराचे स्वतःचे म्हणावे असे उरते ते मण्यांचा क्रम, रंगांची व आकारांची निवड आणि दोऱ्याला दिलेला ताण. तन्मणीत मोत्यांचे अनेक सर एका खोडाला, म्हणजे मधल्या रत्नजडित पदकाला, येऊन मिळतात. ते गळ्यावर एकावर एक न चढता शेजारी शेजारी बसावेत यासाठी प्रत्येक सराची लांबी किंचित वेगळी ठेवावी लागते आणि हा फरक पटवेकरी, म्हणजे दागिने रेशमात गाठवून देणारा कारागीर, बोटांच्या अंदाजाने साधतो. दागिन्याचे देखणेपण बव्हंशी या अंदाजावर अवलंबून असते, परंतु कोणत्याही नोंदणी कार्यालयात त्याला रकाना नाही.

या क्षेत्रात सर्वाधिक उच्चारला जाणारा शब्द पेटंट हा असला, तरी सर्वांत कमी उपयोगाचा हक्कही तोच आहे. पेटंट हे तांत्रिक शोधाला मिळते, त्याची मुदत 20 वर्षांची असते आणि त्यासाठी नावीन्याबरोबरच त्या क्षेत्रातील जाणकाराला सहज न सुचणारी पायरी दाखवावी लागते. शिवाय भारताच्या 1970च्या पेटंट कायद्यातील कलम 3(पी) पारंपरिक ज्ञानाला आणि त्याच्या निव्वळ पुनरावृत्तीला शोध मानण्यास नकार देते. मण्यांच्या व्यवसायात पेटंटे निघाली ती यंत्रांवर आणि जोडणीच्या युक्त्यांवर. डॅनियल स्वारोव्हस्की यांनी 1892 साली पेटंट घेतले ते काचेला पैलू पाडणाऱ्या यंत्राचे, एखाद्या हाराचे नव्हे. डेन्मार्कच्या पँडोरा या कंपनीला अमेरिकेत 2006 मध्ये मिळालेले पेटंटही याच जातीचे आहे: कड्याच्या साखळीवर ठरावीक अंतराने आटे पाडलेल्या पट्ट्या बसवायच्या, मणी त्यांवरून फिरवून पुढे सरकवायचा आणि एकदा पलीकडे गेला की तो त्याच खणात राहायचा, अशी ती रचना आहे. ती हुशारीची आहे, यात शंका नाही; पण तिचा सौंदर्याशी संबंध दूरचा, आणि मणी घसरू नयेत म्हणून दोन मण्यांमध्ये गाठ मारणाऱ्या कारागिराला तिच्यात शिकण्यासारखेही फारसे काही नाही.

कॉपीराइटची, म्हणजे कलाकृतीच्या अभिव्यक्तीवरील हक्काची, वाट अधिक जवळची वाटते, पण तीही लवकरच अरुंद होते. 1971 साली अमेरिकेच्या एका अपील न्यायालयाने रत्नजडित मधमाशीच्या आकाराच्या पिनेविषयी दिलेला निकाल येथे मार्गदर्शक ठरतो. मधमाशीच्या आकाराची रत्नजडित पिन ही कल्पना आणि तिचे प्रत्यक्ष रूप इतके एकजीव आहेत, की रूपावर मक्तेदारी दिली तर कल्पनाच एकाच्या मालकीची होईल, असे म्हणून न्यायालयाने दावा फेटाळला. पुढे 2001 मध्ये डेव्हिड युरमन यांच्या पीळदार तारेच्या दागिन्यांच्या खटल्यात दुसऱ्या अपील न्यायालयाने कॉपीराइट मान्य केला, परंतु एकूण शैलीवरचा व्यापारी हक्क नाकारला. परिचित घटकांच्या विशिष्ट मांडणीला संरक्षण मिळू शकते, शैलीला सहसा नाही, एवढा अर्थ दोन्ही निकाल एकत्र वाचल्यावर हाती लागतो. दागिना कसा विणावा हे सांगणाऱ्या आकृत्या आणि मजकूर लेखकाच्या मालकीचे राहतात, पण त्यात सांगितलेली पद्धत राहत नाही, हे तत्त्व तर 1879च्या बेकर विरुद्ध सेल्डन या हिशेबपद्धतीवरील खटल्यापासून रूढ आहे. नमुना विकत देऊन त्यावरून केलेले दागिने विकू नका, अशी अट घालणाऱ्यांनी हे विसरू नये.

भारतीय कायद्यातील खरी मेख मात्र वेगळीच आहे आणि ती छोट्या कारागिरांच्या क्वचितच ध्यानात येते. 1957च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 15(2) प्रमाणे, ज्या डिझाइनची नोंदणी होऊ शकली असती पण झाली नाही, ते लावलेली वस्तू मालकाने किंवा त्याच्या परवान्याने दुसऱ्याने औद्योगिक प्रक्रियेने 50हून अधिक वेळा तयार केली, की त्या डिझाइनवरील कॉपीराइट संपतो. आपले काम हातचे आहे, म्हणून ते औद्योगिक नाही, हा आधार पक्का नाही, कारण 2000च्या डिझाइन कायद्यातील व्याख्येत प्रक्रिया हस्तचालित असली तरी ती चालते. अर्थात एकाच हाराच्या 51 प्रती विकणे हे यश, आणि त्याच क्षणी हक्क सुटण्याचा धोका उभा. नोंदणी करावी म्हटले, तर ती 10 वर्षांची आणि पुढे 5 वर्षे वाढवता येणारी असली तरी अर्जापूर्वी डिझाइन जगात कोठेही उघड झालेले नसावे, ही अट आड येते. हाराचे छायाचित्र आधी इन्स्टाग्रामवर टाकून मग अर्जाचा विचार करणाऱ्याचे नावीन्य त्याच्याच हाताने गेलेले असते. नक्कल सिद्ध झालीच, तरी डिझाइन कायद्याच्या कलम 22 खालील ठरावीक भरपाई एका डिझाइनमागे जास्तीत जास्त 50,000 रुपये इतकी आहे. मनाई आणि प्रत्यक्ष नुकसानीचा स्वतंत्र दावा लावता येतो, पण त्यासाठी लागणारी सवड आणि पैसा मण्यांच्या कारागिराकडे कोठून यायचा? युरोपीय संघात मात्र 2002च्या नियमाने, नोंदणी न करताही डिझाइन उघड झाल्यापासून 3 वर्षे नकलेविरुद्ध संरक्षण मिळते. फॅशनच्या हंगामाबरोबर जगणाऱ्या या दागिन्यांना तेच सर्वांत मापाचे वाटते, आणि भारताने त्याचा गांभीर्याने विचार केलेला नाही, हे खेदाने म्हणावे लागते.

भौगोलिक मानांकन, म्हणजे विशिष्ट प्रदेशाशी निगडित उत्पादनाच्या नावावरील सामूहिक हक्क, वाराणसीच्या काचमण्यांना आणि खंभातच्या अकीकाला मिळाले आहे. त्याने दुसऱ्या गावचा माल त्या नावाने विकण्यास अटकाव होतो. आंध्र प्रदेशातील पापनायडुपेटा येथे भट्टीतून काचेची लांब नळी ओढून तिचे तुकडे करण्याची जुनी रीत टिकून आहे, तिच्यासारख्या ज्ञानालाही असे सामूहिक छत्र शोभून दिसेल. परंतु त्या छत्राखाली एखाद्या कारागिराचा स्वतंत्र नमुना येत नाही, आणि गावाचे नाव झाले म्हणून हाताचे नाव होते असे नाही.

व्यक्तीचे नाव झाल्यावर काय बदलते, हे बाल्टिमोरच्या जॉइस स्कॉट यांच्याकडे पाहिल्यास कळते. एकेक मणी तिरपा गुंफत जाणाऱ्या पेयोटे टाक्याने त्या वंशभेद आणि हिंसा यांवर भाष्य करणारे हार आणि शिल्पे घडवतात. 2016 मध्ये त्यांना मॅकआर्थर शिष्यवृत्ती मिळाली. हा टाका सार्वजनिक आहे, कोणीही शिकू शकतो, पण त्याने काय म्हणायचे हे स्कॉट यांनी ठरवले आणि समीक्षेने ते ओळखले. म्हणूनच नक्कल झाली तरी ती नक्कलच ठरते. मराठी दागिन्यांच्या बाजारात मात्र पावतीवर सोन्याचे वजन, कस आणि घडणावळ लिहिली जाते, गाठवणाऱ्याचे नाव कधीच नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम 57ने निर्मात्याला आपले नाव सांगण्याचा जो नैतिक हक्क दिला आहे, त्याचा या व्यवसायात फारसा आग्रह धरला जात नाही; पेटंटसाठी हट्ट धरण्यापेक्षा पेढ्यांनी मुळात पावतीवर त्या नावाचा रकाना सुरू करावा, एवढी मागणी कायदा बदलण्याची वाट न पाहता करता येण्याजोगी आहे.